वही कोणाकडे आहे?

आम्ही जोगेश्वरी पूर्वेच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. जोगेश्वरी म्हणजे मुंबईच. इथल्या जुन्या लेण्यात जोगेश्वरी देवी आहे, तिचंच नाव गावाला. आमच्यातल्या निम्म्याजणी कोकणातल्या, काही साताऱ्याकडच्या. कोणी पोळीभाजीचे डबे करतं, कोणी साड्यांना फॉल-पिको, कोणी चार घरची धुणीभांडी. तेव्हा शहरातल्या म्हणून आम्हाला लांब ठेवू नका. तुमच्या गटाची वही आणि आमची वही एकाच नमुन्याची आहे.

आम्हाला बोलायला सांगितलंय ते बाईने स्वतःचं स्वतः पुढे कसं व्हावं यावर. आमच्यात भाषण करणारी कोणी नाही. म्हणून ठरवलं, आमची फजितीच सांगू.

आम्ही १२ जणी. बँकेतलं खातं अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघींच्या नावाने, आणि पैसे काढायला तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात. कागदावर असं. प्रत्यक्षात सगळं अध्यक्षताईच करायच्या. त्या हुशार, धडाडीच्या. बँकेत त्याच जायच्या, वही त्याच लिहायच्या, आणि वही राहायची त्यांच्याच कपाटात. बैठकीत आम्ही पैसे द्यायचो आणि त्या बोट ठेवतील तिथे सही करायचो. काय लिहिलंय ते ५ वर्षांत एकीनेही वाचलं नाही. कोणी काही विचारलंच तर सगळ्यांचं एकच उत्तर, 'ताई आहेत ना!'

मग एका जूनमध्ये ताईंच्या सासूबाई गावी पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ताई राजापूरला गेल्या त्या दीड महिना तिकडेच. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीला लेकीच्या प्रवेशासाठी ८,००० रुपये हवे होते. खात्यात पैसे होते. सचिव आणि खजिनदार दोघी इथेच होत्या, म्हणजे सह्याही होत्या. पण पैसे काढायची स्लिप दोघींनी कधी भरलेली नव्हती. कशीबशी भरली, तर सचिवबाईंची सही जुळेना. खातं उघडताना केलेली सही वेगळी आणि आताची वेगळी. दोन खेपा झाल्या, प्रवेशाची तारीख आली, आणि त्या मैत्रिणीने सावकाराकडून महिना शेकडा १० रुपयांनी पैसे उचलले. गटात पैसे असताना! आम्ही तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

ताई परत आल्या आणि पहिल्याच बैठकीत आम्ही म्हणालो, वही इथे ठेवा. त्यांना ते लागलं. 'मी काय पैसे खाल्ले?' म्हणून रडल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. चूक आमचीच होती. ५ वर्षं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं ते आम्हीच, आणि उतरवायला गेलो तेही आळ घेतल्यासारखं.

आमच्यात एक माणदेशातली आहे. ती त्या दिवसांत म्हसवडची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. सातारा जिल्ह्यातल्या या गावात चेतना सिन्हा यांच्याबरोबर बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण सभासद बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बाया काही महिने शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. इथे आमच्या शेजारच्या गोरेगावात मृणालताई गोरे होऊन गेल्या, पाण्यासाठी भांडणाऱ्या, 'पाणीवाली बाई'. १९७२ साली महागाईविरुद्ध बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. आपल्याला नावं त्यांची आठवतात, पण लाटणं मात्र प्रत्येकीने आपापल्या घरून आणलं होतं.

तर आम्ही ताईंच्या घरी गेलो, माफी मागितली आणि पाळी लावली. दर महिन्याला वही वेगळीकडे. बँकेत दोघी जाणार, एक जाणती, एक नवखी. सचिवबाईंची नवी सही बँकेत नोंदवली.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींची. त्यांना अक्षर लावून वाचावं लागतं, पण तोंडी हिशेब पक्का. आकडे मोठ्याने वाचताना त्या थांबल्या. 'मी ६,००० घेतले, दर महिन्याला ६०० फेडले. व्याज मात्र दहाही महिने १२०च? फेडलेल्या पैशावर व्याज कशाला?'

खरंच होतं. आमचं व्याज महिना शेकडा २ रुपये. पहिल्या महिन्याला ६,००० वर १२० बरोबर. दुसऱ्या महिन्याला बाकी ५,४०० उरते, तिचे १०८. मग ९६, मग ८४, असं उतरत शेवटच्या महिन्याला १२. एकूण ६६०. आम्ही घेत होतो १,२००. एका कर्जामागे ५४० रुपये जास्त! पैसे कुठे गेले नव्हते, गटातच होते. पण वर्षअखेरीला नफा सारखा वाटायचा, म्हणजे गरजेपोटी कर्ज घेणारीचे पैसे न घेणारीकडे जात होते. ताईंनी सोपा हिशेब धरला होता, आणि आम्ही ११ जणींनी त्याखाली सह्या केल्या होत्या. तुमच्या वहीत काय लिहिलंय ते आज संध्याकाळी बघा बरं. 'बाकीवर व्याज' की 'मुद्दलावर', एवढंच.

मागचं परत करायचं का, यावर तीन बैठका भांडण झालं. कर्ज न घेतलेल्या म्हणाल्या, झालं गेलं सोडा. असं म्हणायला त्यांचं काय जात होतं! शेवटी चालू कर्जं बाकीवर लावली आणि मागच्या एका वर्षाचं जास्तीचं व्याज ज्याचं त्याच्या बचतीत जमा केलं. ते आकडे रात्री बसून ताईंनीच काढले. तपासले मावशींनी.

सावकाराचं देणं फेडायलाही गटाने कर्ज दिलं, ते याच दिवाळीत फिटलं. सध्या वही पुन्हा मावशींकडे आहे. त्या एकेक आकडा लावून वाचतात, म्हणून बैठक अर्धा तास लांबते. १० तारखेला बैठक आहे, चहा ज्याने त्याने घरी पिऊन यायचं ठरलंय.