घराचं वाळवण

(भुसावळ तालुक्यातील प्रभागसंघाच्या पावसाळापूर्व सभेत प्रशिक्षक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.)



उन्हाळा संपला. पापड झाले, कुरडया झाल्या, मिरच्या सुकवून डब्यात गेल्या. आता मी तुम्हाला विचारते, कुरडई वरून कोरडी दिसली म्हणून कुणी लगेच डब्यात भरतं का? नाही ना! मोडून बघतो. आत ओल असली तर आठ दिवसांत डबा उघडल्यावर बुरशीचा वास येतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मला एवढंच सांगायचंय की पुराचं पाणी शिरलेलं घर म्हणजे एक मोठी कुरडई आहे. पाणी ओसरलं, फरशी पुसली, म्हणजे घर वाळलं असं होत नाही.

आपला तालुका तापीकाठचा. वर चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, मग पाणी हतनूरला येतं. हतनूरचे ४१ दरवाजे. ते उघडले की काठच्या गावांना सावध राहायला सांगतात, हे आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पण पूर फक्त मोठ्या नदीलाच येतो असं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात काय झालं ते आठवा. कन्नड घाटाच्या बाजूला रात्रीतून प्रचंड पाऊस झाला आणि तितूर, डोंगरी या एरवी लहान वाटणाऱ्या नद्या गावात शिरल्या. घरं, दुकानं, गोठे पाण्यात गेले. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

पूर आला की बचाव पथक येतं, जेवणाची पाकिटं येतात, पुढारी येतात. पाणी उतरलं की सगळे परत जातात. मागे राहतो चिखल, आणि तो काढायला राहते त्या घरातली बाई. या कामाचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून आज आपण करू.

दहा बाय बारा फुटांची एक खोली धरा. त्यात तीन इंच गाळ बसला. म्हणजे तीस घनफूट झाला. ओला गाळ घनफुटाला ४५ किलो धरला तरी साडेतेराशे किलो होतो. एका घमेल्यात पंधरा किलो म्हटलं तर ९० घमेली! एका खोलीची. एकटी बाई हे किती दिवसांत काढणार? आणि आपली काळी माती तर तुम्हाला माहीतच आहे. ओली आहे तोवर फावड्याला येते, वाळली की दगड. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच पाच-सहा जणींनी मिळून गाळ काढला पाहिजे. हे एकटीचं काम नाही, गटाचं आहे.

आता काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगते. क्रम चुकवायचा नाही.

पहिलं, वीज आणि भिंत. घरात पाणी किंवा ओल असताना बटणाला हात लावायचा नाही. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जायचंच नाही, वायरमनला बोलवायचं. बोर्ड पाण्यात गेला असेल तर तो उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. फ्रीज, मिक्सर, मोटर "चालतंय का बघू" म्हणून लावायची नाही. घरात शिरण्याआधी बाहेरून भिंती बघा. भिंत झुकली असेल, नवी मोठी भेग पडली असेल तर आत जायचं नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे भेग आठ-पंधरा दिवसांनीही पडू शकते, तेव्हाही बघत राहा. आणि हातात काठी ठेवा. साप-विंचू आसऱ्याला घरात आलेले असतात.

दुसरं, फोटो. काहीही फेकण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ, भिजलेलं धान्य, गादी, कपाट, सगळं. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सडकं धान्य घरात ठेवता येत नाही, पण फोटो ठेवता येतो.

तिसरं, गाळ काढून धुणं. आधी फावडं, मग पाणी, मग साबण आणि सगळ्यात शेवटी टीसीएल पावडर. चिखलावरच टीसीएल टाकून उपयोग नाही, तिची ताकद चिखलातच संपते. दहा लिटर पाण्याला १५० ग्रॅम ताजी पावडर. एकदा तराजूवर मोजा, ती ज्या वाटीत बसते त्या वाटीवर खूण करा आणि तीच वाटी वापरा. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी फरशीवर आणि पक्क्या भिंतीच्या खालच्या भागावर लावून अर्धा तास ठेवायचं, मग धुवायचं. रोज नवीन कालवायची. आणि हे नीट ऐका, टीसीएल आणि संडास धुवायचं अॅसिड एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

मातीच्या भिंतींची, धाब्याची घरं असतील तिथे पाण्याचा फवारा मारायचा नाही. भिंत आधीच भिजून मऊ झालेली असते. खरवडून गाळ काढा, ओल्या फडक्याने टिपा, बस.

चौथं, आणि माझ्या भाषणाचा खरा मुद्दा, वाळवणं.

नऊ इंची विटांची दहा फुटी भिंत तीन फुटांपर्यंत पाण्यात राहिली, तर तेवढ्या भागात तीनशेच्या आसपास विटा येतात. वीट किती पाणी पिते? भाजणीवर अवलंबून, पण पाव ते अर्धा लिटर सहज. म्हणजे एका भिंतीत शंभरेक लिटर पाणी, दहा बादल्या! फरशी पुसून ते निघत नाही. उलट दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते भिंतीत वर चढतं. पाण्याची रेघ तीन फुटांवर असेल तर ओल त्याच्याही वर गेलेली असते.

हे पाणी बाहेर काढायला काय लागतं? जे पापडाला लागतं तेच. ऊब लागते, पण त्याहून जास्त वारा लागतो. ढगाळ, कुंद दिवशी पापड का वाळत नाही? हवाच ओलीने भरलेली असते, ती आणखी ओल घेत नाही. मोठ्या शहरांत आणि परदेशात हे काम कंपन्या पैसे घेऊन करतात. त्यांच्याकडे मोठे पंखे असतात, हवेतली ओल ओढणारी यंत्रं असतात, भिंतीत दोन सुया टोचून ओल मोजायचं मीटर असतं. आपल्याकडे ती यंत्रं नाहीत. पण भुसावळात कूलर नाही असं घर किती?

कूलरमधलं पाणी काढा, गवताच्या जाळ्या काढा. राहिला तो मोठा पंखा. वायरमनने वीज चालू केल्यावर, पुरात न बुडालेला कूलर कोरड्या टेबलावर ठेवा, वारा ओल्या भिंतीला घासून जाईल असा वळवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. पाणी भरून मात्र लावू नका, घर आणखी ओलं होईल. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग तपासून घ्या. चालू असताना त्याला हात लावायचा नाही, पायात रबरी चप्पल पाहिजेच. ऊन पडलं की दारं-खिडक्या, कपाटं, पलंगाचे कप्पे, सगळं उघडं. सामान भिंतीपासून हातभर लांब. पाऊस लागला तर पावसाच्या बाजूच्या खिडक्या लावा, पण घर पूर्ण कोंडू नका. लवकर वाळावं म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका. तिच्या वायूने माणूस झोपेतच जातो.

भिजलेल्या वस्तूला एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. म्हणून कापसाची गादी, उशी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर मन घट्ट करून टाकून द्या. गोधडी, साड्या, चादरी गरम पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात घाला. सागवान, कडुनिंबाचं लाकूड सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात ते वाकतं. भुशाच्या फळीचं कपाट फुगलं की संपलं. कोठीतलं भिजलेलं धान्य, दादर असो की गहू, ना माणसाला ना जनावराला. त्यात घाण पाणी गेलेलं असतं आणि बुरशीचं विष धुतल्याने जात नाही. भिंतीवर बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झाडू नका, ती उडून छातीत जाते. तोंडाला मास्क बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

गटाच्या वह्या, पासबुक, रेशनकार्ड भिजलं तर चिकटलेली पानं ओढून उघडू नका. सावलीत पंख्याखाली ठेवा, सुटतील तशी पानांमध्ये कोरे कागद घाला, ओले झाले की बदला. खूपच वह्या असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी चालू फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. तिथे त्या सडत नाहीत. नंतर एकेक काढून वाळवता येते.

मग घर वाळलं हे कसं ओळखायचं? मीटर नाही, पण जाड प्लास्टिक आहे. दीड फुटी चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक दिवस, एक रात्र राहू द्या. आतून थेंब आले किंवा भिंत तिथे काळी पडली, तर कुरडई अजून कच्ची आहे! पंधरा दिवसांनी परत बघा. ऑगस्टमध्ये भिजलेली भिंत कधीकधी दिवाळी उलटली तरी वाळत नाही. दिवाळीला घर चांगलं दिसावं म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑईलपेंट मारला, तर ओल आत कोंडते, लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि केलेला खर्च वाया जातो. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात. सणाला चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर नकोच.

आता आपल्या जिवाचं. केरळमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये महापूर आला. तिथल्या कुटुंबश्रीच्या बायका, आपल्यासारख्याच बचतगटाच्या, टोळ्या करून घरोघरी साफसफाईला उतरल्या. पण त्याच पुरानंतर तिथे लेप्टोची साथ आली आणि माणसं दगावली. उंदराचं, कुत्र्याचं, जनावराचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या भेगेतून, हाताच्या जखमेतून तो रोग शरीरात जातो. म्हणून गमबूट आणि रबरी हातमोजे ही चैन नाही. कामाला उतरण्याआधी आरोग्य उपकेंद्रात जाऊन लेप्टोच्या गोळीबद्दल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. नंतरच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका. "मी पुराच्या चिखलात काम केलंय" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आपण घरात सगळ्यांचा ताप बघतो, स्वतःचा झाकतो. इथे तसं करून चालणार नाही.

शेवटी ठराव मांडते. प्रत्येक ग्रामसंघाने पाच-सहा जणींचं एक पथक आणि एक पेटी पावसाच्या आधी तयार ठेवावी. पेटीत फावडी, घमेली, वायपर, खराटे, गमबूट, हातमोजे, मास्क, घट्ट झाकणाच्या डब्यात या वर्षीची टीसीएल, खूण केलेली वाटी, साबण पावडर, जाड प्लास्टिक, चिकटपट्टी, बॅटरी आणि प्रथमोपचाराचं सामान. पेटी उंचावर ठेवायची, पुरात तीच बुडाली असं नको. खर्च जोखीम प्रवणता निधीतून करता येईल का, हे आजच्या सभेत ठरवा.

आणि दरही आजच ठरवा. विधवा ताई, म्हातारी माणसं, मजूर कुटुंब यांच्या घरी पथक जाईल तेव्हा कामाचा मोबदला ग्रामसंघ देईल. दुकान, गोदाम, बंगला, शाळा असेल तर त्यांच्याकडून रीतसर पावती देऊन पैसे घ्यायचे. पूर आल्यावर भाव वाढवायचा नाही, पण फुकटही करायचं नाही. नव्वद घमेली उचलणं आणि भिंत वाळली की नाही हे पारखणं, हे हुन्नराचं काम आहे. वाळवण आपल्याइतकं कुणाला कळतं? ठराव इतिवृत्तात लिहून, सह्या करूनच आज उठू या.