आजीची दोन पंचांगे

महाराष्ट्रापासून दूर जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबात नोकरीची काळजी कर्ता पुरुष वाहतो, मुलांच्या शाळेची काळजी सून वाहते, आणि काळाची काळजी आजी वाहते. आज तिथी कोणती, एकादशी कधी, कोणत्या दिवशी वांगे खायचे नाही आणि कोणत्या दिवशी ते खायलाच हवे, हे सारे घर तिला विचारते. लखनौसारख्या शहरात हे काम वाटते तितके सोपे नाही. तेथील मराठी घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर बहुधा दोन पंचांगे टांगलेली दिसतात. एक पुण्यामुंबईहून आलेले, दुसरे तेथल्याच बाजारातले. दोन्ही खरी असतात, आणि वर्षातले निम्मे दिवस दोघांचे एकमेकांशी पटत नाही.

लखनौला मराठी माणूस नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने 1926 साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले आणि व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनीही तेथे विद्यादान केले. कैसरबागेतील ती संस्था आज भातखंड्यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. पुढे वनस्पतिशास्त्राच्या व औषधसंशोधनाच्या संस्था निघाल्या, रेल्वेची कचेरी वाढली, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही मराठी बिऱ्हाडे गोमतीच्या काठी आली. त्या बिऱ्हाडांत नववधू म्हणून आलेल्या स्त्रिया कालांतराने आज्या झाल्या. अशाच एका आजीच्या शरदाच्या अखेरीपासून नाताळापर्यंतच्या दिवसांची ही हकीकत आहे. नाव कोणतेही घ्यावे; घर तेच राहील.

प्रथम दोन पंचांगांचे भांडण समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते; पण पौर्णिमा झाली की लखनौचा महिना पुढे निघून जातो आणि मराठी महिना आणखी पंधरा दिवस मागे रेंगाळतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी शेजारणी कार्तिकस्नानाला निघतात, तेव्हा आजीच्या घरी अजून आश्विनच चालू असतो. दिवाळीचे दिवे दोन्ही घरांत एकाच रात्री लागतात, परंतु ती अमावास्या शेजारी कार्तिकाची आणि आजीच्या घरी आश्विनाची. चंद्र एकच आहे. त्याच्या घराचा क्रमांक तेवढा दोघांनी निराळा लिहिला आहे.

पावसाळा ओसरून शरद स्थिरावतो तसे या शहराचे रूप पालटते. अंगणातल्या पारिजातकाचा सडा पहाटे दवाने भिजलेला असतो. शेजारणी त्याला हरसिंगार म्हणतात. रस्त्याकडेच्या सातविणीला फुले येतात आणि त्यांच्या उग्र वासाने संध्याकाळ जड होते. गच्चीवर शेपूट हलवीत परीट पक्षी उतरतो. त्याला तिकडे खंजन असे सुंदर नाव आहे, आणि तो दिसला म्हणजे पाऊस खरोखरीच गेला, असे तेथले लोक मानतात. गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू येतो. गेल्या वर्षीच्या रजया उसवून त्यांतला कापूस पुन्हा पिंजून घेतला जातो. तळ्यांतले हिरवे शिंगाडे हातगाडीवर येतात, पाठोपाठ रताळी आणि ऊस. आवळीनवमीला आवळीच्या झाडाखाली जेवण्याची रीत दोन्हीकडे आहे. प्रबोधिनी एकादशीला तिकडे देवउठनी म्हणतात. उसाचे वाढे दोन्ही घरांत उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी आजी आपल्या वृंदावनातल्या तुळशीचे लग्न लावते. शुक्ल पक्ष हा असा सलोख्याचा असतो.

पौर्णिमेला गोमतीवर स्नानाची गर्दी उसळते. डालीगंजच्या बाजूला कतकीचा मेळा भरतो. तेथून आजी मातीचे एखादे भांडे आणि मुलांसाठी खेळणे आणविते. तो दिवस मावळला की दोन पंचांगे पुन्हा वेगळी होतात. शेजारी अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागतो. आजीच्या घरी कार्तिक वद्य सुरू होते. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा याच पक्षात, कार्तिक वद्य त्रयोदशीला होतो. आजी त्या दिवशी ज्ञानेश्वरीतला एक अध्याय वाचते. बाहेरच्या जगाच्या लेखी ती अगहनातली तेरस असते, आणि आळंदीची तेथे कोणाला आठवण असण्याचे कारण नसते.

एवढ्यावरच भागले असते तर ही केवळ गमतीची गोष्ट ठरली असती. परंतु आजोबांची तिथी कार्तिक वद्य पंचमीची आहे. आजी आहे तोवर चूक होण्याची भीती नाही. पण तिच्या मागे कोणी लखनौचे पंचांग उघडून कार्तिकातील कृष्ण पंचमी शोधली, तर ती सापडेल करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी, दिवाळीच्या आधी. म्हणजे खऱ्या दिवसापेक्षा तब्बल एक महिना अगोदर. पंचांग खोटे सांगणार नाही, वाचणारा चुकणार नाही, गुरुजी मंत्र बरोबर म्हणतील, आणि तरीही पान चुकीच्या दिवशी वाढले जाईल. वय वाढत जाते तशी ही एकच गोष्ट आजीला रात्री जागी ठेवते. ज्या माणसाबरोबर ती एवढ्या दूर आली, त्याचा दिवस एका नावाच्या घोटाळ्यात हरवू नये, एवढीच तिची इच्छा असते.

नात हुशार आहे. तिचे शिक्षण हिंदीत व इंग्रजीत झालेले; देवनागरी तिला चांगली वाचता येते, पण ‘ळ’ हे अक्षर तिच्या जिभेवर बसत नाही. आणि या दिवसांतले शब्द तर एकजात त्याच अक्षराचे : दिवाळी, आवळा, तुळस, गूळ, नाताळ. नात ‘तुलशीचं लग्न’ म्हणते. आजी रागावत नाही, नुसती पुन्हा एकदा ‘तुळशीचं’ म्हणते.

“आजी, दोन्हींतलं खरं कार्तिक कोणतं?” असे नातीने विचारले, तेव्हा आजीने पंचांग बाजूला ठेवले आणि तिला गच्चीवर नेले.

“नावाच्या नादी लागू नकोस, बाळ. नाव माणसानं ठेवलेलं असतं. तुळशीचं लग्न झालं, गोमतीवर स्नानाची पौर्णिमा झाली, की तिथून पाचवी तिथी. तेव्हा चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि एका अंगानं झिजलेला दिसतो. तो तुझ्या आजोबांचा दिवस. या गावात त्याला अगहन म्हणतील; म्हणू देत.”

नातीने पंचांगाच्या समासात ते लिहून ठेवले. लिहिताना ‘तुळशीचं’ या शब्दापाशी ती क्षणभर थांबली आणि ‘ल’ खोडून तिने ‘ळ’ काढला. आजीने ते पाहिले. बोलली काही नाही.

पुढे अमावास्या उलटली म्हणजे मराठी मार्गशीर्ष लागतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी महिन्यांमध्ये आपले रूप म्हणून ज्याचा निर्देश केला, तो हा महिना. आजीची सून गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडते. बाजारातले पंचांग प्रमाण मानले तर हे गुरुवार पंधरा दिवस आधीच सुरू होतील, म्हणून त्या पक्षात सूनही सासूला विचारल्यावाचून घट मांडीत नाही. पूजेला शेवंती लागते, आणि शेवंतीला या शहरात तोटा नाही. सिकंदर बागेतील राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डिसेंबरात तिचे मोठे प्रदर्शन भरते. तिकडे ती गुलदाऊदी. चंपाषष्ठीला चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुन्हा घरात येते. लखनौच्या मोठ्या गोल वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा खंडोबाला दाखविला जातो. जेजुरी फार दूर असते, पण भरिताचा वास तोच असतो.

आता दिवस झपाट्याने लहान होतात. पुण्यात नाताळच्या सुमारास सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. लखनौला तो सव्वापाचनंतर थोड्याच वेळात जातो. लखनौ हे पुण्याच्या बरेच उत्तरेला व पूर्वेला असल्याचा हा परिणाम. पुण्याचा सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, तर लखनौचा सुमारे साडेदहा तासांचा. इतकी वर्षे लोटली तरी दिवेलागण लवकर येते, ही एक तक्रार आजीने सोडलेली नाही. सकाळी धुके इतके दाट पडते, की समोरचा कडुलिंब दिसत नाही. मुंबईहून नाताळच्या सुटीत येणाऱ्या धाकट्या मुलाची गाडी अनेकदा तास न् तास खोळंबते, आणि आजी पोळीचा तवा दोनदा उतरवून तिसऱ्यांदा चढविते.

त्या धुक्याचाही काही उपयोग होतो. चौकात पहाटे ‘मक्खन मलाई’ विकायला बसते. आटविलेले दूध रात्री उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात. त्याचा केशराचा रंग चढलेला हलका फेस द्रोणातून देतात. ऊन तापले की तो विरून जातो, म्हणून तो खाण्याचे दिवस थंडीचेच. मलिहाबादच्या वाटेवर दसहरी आंब्याच्या बागा शांत उभ्या असतात. मोहोर अजून दूर असतो. पण बागवान याच दिवसांत बुंध्यांना प्लॅस्टिकचे पट्टे बांधतात, कारण जमिनीतून निघणारी पिठ्या ढेकणाची पिले खोडावरून वर चढू पाहतात. उन्हाळ्यातल्या आंब्याची राखण अशी डिसेंबरातच सुरू होते.

डिसेंबराच्या मध्याला सूर्य धनु राशीत जातो. तिकडे त्याला खरमास म्हणतात. लग्ने थांबतात, गल्लीतले बँड मुके होतात. आजीच्या घरी मात्र हा धुंधुरमास. सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि गूळ असा नैवेद्य होतो, आणि रजईतून ओढून काढलेली मुले डोळे चोळीत पानावर बसतात. एकाच महिन्याला एका घरात अशुभ मानावे आणि दुसऱ्यात पहाटेचे पंगतीचे सुख द्यावे, हा विरोध खरा. पण या महिन्याच्या आरंभाविषयी मात्र दोन पंचांगांत वाद नाही. तो चंद्रावर नसून सूर्यावर मोजलेला आहे. पंधरा दिवसांचे अंतर येथे मिटते.

नाताळ नेमका याच धुंधुरमासात येतो. लखनौला त्याला ‘बडा दिन’ म्हणतात, म्हणजे मोठा दिवस. मराठीतला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून गोव्यामार्गे आला. ख्रिस्तजन्माची कथा मराठीला परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले, आणि रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. हजरतगंजातले ख्राइस्ट चर्च 1860 सालचे. त्याच भागातल्या सेंट जोसेफ कॅथीड्रलसमोर नाताळच्या संध्याकाळी सर्व धर्मांचे लोक दिवे पाहायला लोटतात. नातवंडेही जातात आणि परतताना कागदाचा तारा घेऊन येतात. आजी तो दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच खिळ्याला टांगायला सांगते.

शेजारच्या ख्रिस्ती शिक्षिका लोणी, साखर आणि सुका मेवा बेकरीत नेऊन, समोर उभ्या राहून केक भाजून घेतात, आणि त्यातला एक तुकडा दरवर्षी पाठवितात. त्यात अंडे असते, म्हणून आजी खात नाही. पण तो ती स्वतःच्या हातांनी घेते, मुलांना वाटते, आणि त्याच ताटात करंज्या भरून परत पाठविते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या करतात. त्या म्हणजे करंज्याच. आजीला हे ठाऊक असो वा नसो, पाठविलेला जिन्नस अगदी योग्य असतो.

नाताळच्या आसपास आणखी एक गोष्ट घडते, ती केवळ गच्चीवर बसणाऱ्यालाच दिसते. सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो. सकाळ अजून काही दिवस, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, उशिराच होत राहते. पण संध्याकाळचे ऊन भिंतीवर काही मिनिटे अधिक रेंगाळू लागते. आजी हे घड्याळावर पाहत नाही. वाळवणाची परडी उचलण्याच्या वेळेवरून ते तिच्या ध्यानात येते. “दिवस मोठा व्हायला लागला,” ती म्हणते, आणि शेजारणीचा ‘बडा दिन’ हा शब्द तिला मनापासून पटतो.

देशातील अनेक पंचांगांचा मेळ बसविण्यासाठी 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले. आकाशवाणीवरून इंग्रजी तारखेबरोबर जी शकाची तारीख कानी पडते, ती याच पंचांगाची. हे पंचांगही सूर्यावर चालते. त्यामुळे 25 डिसेंबर म्हणजे दरवर्षी पौष 4. राज्यव्यवहाराला ते पुरेसे आहे. परंतु घराचा व्यवहार त्याने भागत नाही, कारण घरात तारखेपेक्षा माणसे अधिक लक्षात ठेवायची असतात. म्हणून खिळ्यावर दोन पंचांगे राहतातच. दर वर्षी नवे मराठी पंचांग आले, की नात जुन्याच्या समासातली ती ओळ नव्यात उतरवून घेते : पौर्णिमेपासून पाचवी तिथी, तुळशीच्या लग्नानंतर. ओळीतला ‘ळ’ आता न अडखळता येतो.