वाकलेली पाठ आणि पिचलेला मणका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



केस पिकावेत तशी म्हातारपणी पाठही वाकायचीच, असे आपण धरून चालतो. त्या वाकण्यामागे पुष्कळदा मोडलेले हाड असते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. आज तेच सांगायला मी उभी आहे.

पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. मग पडण्याचेही निमित्त लागत नाही. बादली उचलली, वाकून गादी ओढली, जोराची शिंक आली, एवढ्यानेही मणका दबून पिचतो. पाठीत एकदम कळ येते. उभे राहिले की वाढते, आडवे झाले की ओसरते. बाई तेल चोळते, शेक घेते आणि पुन्हा पोळ्या लाटायला उभी राहते! असे दोन-तीन मणके पिचले म्हणजे उंची घटते, पोक येते, पोट दबून दोन घासही जड होतात.

कळ सोसवेनाशी झाली तर एक उपाय आहे. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी प्रथम सुईवाटे मणक्यात सिमेंट भरले. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला फुग्याची जोड मिळाली. या उपचाराला कायफोप्लास्टी म्हणतात. सिमेंट म्हणजे घरबांधणीचे नव्हे. सांधा बदलताना वापरतात त्या जातीचे. रुग्णाला पालथे निजवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बारीक नळी मणक्यात नेतात. आत इवलासा फुगा फुगवून जागा करतात, तो काढून घेतात आणि पोकळीत दाट सिमेंट भरतात. ते काही मिनिटांत घट्ट होते. पुष्कळ जणी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

पण दुसरी बाजूही ऐका. पुष्कळ मणके दोन-तीन महिन्यांत आपोआप सांधतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, फुग्याविना सिमेंट भरलेल्यांना आणि सिमेंट न भरता नुसता देखावा केलेल्यांना जवळजवळ सारखाच आराम पडला. म्हणून डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. क्वचित सिमेंट झिरपून मज्जातंतूंना वा फुप्फुसाला इजाही होते. तेव्हा होकार देण्याआधी विचारा: दुखणे याच मणक्याचे आहे का? मणका नुकताच पिचला आहे की जुना? औषधांवर काही दिवस थांबता येईल का? मात्र पायातील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर क्षणभरही थांबू नका.

शिवाय सिमेंटने एकच मणका सावरतो. शेजारचे ठिसूळच राहतात. त्यांच्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, डॉक्टरांनी दिलेली औषधे, नाचणी, तीळ, दूध, ऊन आणि रोजचे चालणे हवेच.

दाराच्या चौकटीवर आपण मुलांची उंची खुणेने मांडतो. यंदा तिथे आपली आणि सासूबाईंचीही खूण करा. पुढल्या वर्षी ती खाली आली, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांकडे जा.