हिंवाळ्यांतील बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषण)

अमेरिकेच्या उत्तर भागांत नोव्हेंबर उजाडला कीं जमीन गोठूं लागते. मिनेसोटा, नॉर्थ डाकोटा आणि सरहद्दीपलीकडील कॅनडाचा सस्कॅचेवान प्रांत येथें भर हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंश उतरणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. दारापुढील बर्फ फावड्यानें उपसण्यांत ज्यांचे हिंवाळे गेले, अशीं असंख्य वृद्ध जोडपीं त्या सुमारास दक्षिणेची वाट धरतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. पक्षी थंडीच्या भयानें स्थलांतर करतात, पण घरटें मागें ठेवून. हीं माणसें घरटेंही बरोबर नेतात. मोटारीमागें जोडलेल्या ट्रेलरांत बिछाना, चूल, न्हाणीघर सर्व कांहीं असतें.

ही चाल जुनी आहे. इ. स. १९१९ मध्यें फ्लॉरिडांतील टँपा शहरीं अशा फिरत्या प्रवाशांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट’ नांवाचें मंडळ काढलें होतें. पुढें १९३५ सालीं सामाजिक सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि १९४० च्या जानेवारींत त्या कायद्याखालील पहिलें मासिक वेतन एका वृद्ध बाईंच्या हातीं पडलें. रक्कम होती अवघी २२ डॉलर ५४ सेंट. परंतु काम सुटल्यावरही दरमहा हातांत कांहीं येत राहील, ही निश्चिंती सामान्य माणसास तेथून लाभूं लागली. निश्चिंती आल्यावांचून म्हातारपणीं प्रवास सुचत नाहीं.

या लोकांचें एक आवडतें ठिकाण म्हणजे अरिझोना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील यूमा. पाऊस वर्षाला चार इंचही पडत नाहीं. परंतु कोलोरॅडो नदीचें पाणी पाटांनीं खेळविल्यामुळें भर हिंवाळ्यांत तेथें कोबी व सॅलडच्या पाल्याचीं हिरवीगार शेतें डोलतात. जानेवारींतील दुपार आपल्या पुण्याच्या हिंवाळी सकाळीसारखी सुखद असते.

तेथील एखाद्या वसाहतींतलें एक जोडपें नमुन्यादाखल डोळ्यांपुढें आणावें. नवरा पंचाहत्तरीला टेकलेला मिनेसोटाचा शेतकरी; बायको त्याहून चार वर्षांनीं लहान, जन्मभर गांवच्या शाळेच्या स्वयंपाकघरांत राबलेली. जागेवर पोंचतांच प्रथम पाणसळ लावून ट्रेलर समपातळींत आणावयाचा, चाकांखालीं ठोकळे सरकवावयाचे, मग पाण्याची रबरी नळी, विजेची तार आणि सांडपाण्याची नळी जोडावयाची. तासाभरांत संसार उभा राहतो. पत्नी दोन कुंड्या पायरीशीं मांडते. पुढील पांच महिने तेंच अंगण.

सकाळीं तो आधीं उठतो, कॉफी करतो आणि दोन पेले घेऊन बाहेर बसतो. नऊ वाजतां सभागृहांत वर्ग सुरू होतात. कोणी लांकूड कोरतो, कोणी वाळवंटांत वेंचलेले दगड घासून त्यांना तकाकी आणतो. बायका कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवतात. मैदानावर ‘पिकलबॉल’ नांवाचा, १९६५ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील एका बेटावर निघालेला खेळ रंगतो. सत्तरीची माणसें चेंडूसाठीं पोरांप्रमाणें हुज्जत घालतात. चार वाजले कीं खुर्च्या बाहेर येतात. आठवड्यांतून एकदां प्रत्येक घरचा एकेक पदार्थ एका लांब मेजावर मांडतात. आपली अंगतपंगतच ती.

या सुखांत एक उणीव आहे. १९९५ च्या कायद्याप्रमाणें, ज्या वसाहतींत शेंकडा ८० बिऱ्हाडांमध्यें निदान एक माणूस ५५ वर्षांचें किंवा त्याहून मोठें असेल, तिला मुलांबाळांच्या कुटुंबांस नकार देतां येतो. त्यामुळें शांतता लाभते, पण मुलांचा आवाज कानीं पडत नाहीं. म्हणून सायंकाळीं सात वाजतां नातवाशीं टेलिफोनवर बोलणें हा दिवसाचा खरा सण. तेव्हां मिनेसोटांत आठ वाजलेले असतात. मार्चमध्यें मात्र तिकडील घड्याळें तासभर पुढें सरकतात आणि अरिझोनाचीं जागचीं हलत नाहींत. मग येथील सात म्हणजे तेथील नऊ, आणि नातू झोंपलेला. आजोबांना त्यासाठीं मार्चपासून जेवण मागें ढकलावें लागतें.

सरकारी आरोग्य विम्यांत दांतांचा नेहमींचा इलाज बसत नाहीं. म्हणून हीं माणसें जवळच असलेली मेक्सिकोची सरहद्द पायीं ओलांडून लोस आल्गोडोनेस या गांवीं जातात. तेथें दंतवैद्य, औषधवाले व चष्मेवाले यांचीं दुकानें ओळीनें उभीं आहेत. बाईंनीं दाढ बसवून घेतली. गृहस्थ नवा चष्मा करावयास गेले. चष्मेवाल्यानें चार भिंगें बदलून पाहिलीं आणि हळूच सांगितलें, “दोष नंबराचा नाहीं. डोळ्याच्या मध्यभागींच डाग धरला आहे.” मग एक गोष्ट उघडकीस आली. आपल्या गांवच्या डॉक्टरांनीं हेंच निदान शरद ऋतूंतच केलें होतें आणि मोटार हांकणें लवकर सोडा असें बजावलें होतें. नवऱ्यानें तें बायकोपासून लपवून अडीच हजार किलोमीटरांवर मजल मारली होती. वाटेंत दोनदां गाडी कां थांबविली, तें तिला आतां कळलें.

दोन दिवस ती त्याच्याशीं नीट बोलली नाहीं. रागापेक्षां धास्ती अधिक होती. गाडी हांकणारें माणूस उरलें नाहीं, म्हणजे हिंवाळा संपला. पुन्हां तें फावडें, तें बर्फ, आणि चार भिंतींआड काढलेले दिवस. वसाहतींत हें नित्य घडतें. दर नोव्हेंबरांत कचेरींतील यादींत कांहीं नांवें दिसत नाहींत, आणि कोणी फारसें विचारीत नाहीं, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असतें.

तिसऱ्या दिवशीं ती शेजारच्या विधवा बाईंकडे गेली. त्या बाई त्या वर्षीं प्रथमच एकट्या आल्या होत्या, आणि ट्रेलर स्वतः ओढून आणला होता. वसाहतीच्या टोंकाशीं मोकळें मैदान आहे. तेथें रोज सकाळीं शिकवणी सुरू झाली. ट्रेलर मागें घेणें हें सर्वांत अवघड, कारण चाक एका बाजूस वळवावें तर शेंपूट दुसऱ्या बाजूस जातें. शेजारीण म्हणाली, “हात चाकाच्या तळाशीं धर. शेंपूट जिकडे न्यावयाचें, तिकडेच हात ने.” पहिल्या आठवड्यांत दोन कुंड्या फुटल्या आणि एक खांब वांकला. नवरा लांब उभा राहून पाही. प्रथम सूचना देई. पुढें गप्प राहूं लागला, आणि तें गप्प राहणें त्याला गाडी हांकण्याहून जड गेलें.

आपल्याकडे आश्रमव्यवस्थेंत वानप्रस्थ सांगितला आहे. त्यांत घर सोडावयाचें असतें, हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. पण त्याबरोबर ‘हें काम माझ्यावांचून होणार नाहीं’ ही भावनाही सोडावयाची असते, आणि ती घरापेक्षां कठीण सुटते. यूमाच्या त्या शेतकऱ्यानें आश्रमांचें नांवही ऐकलें नसेल. सोडावें मात्र त्यालाही लागलें.

एप्रिलच्या आरंभीं ऊन्ह तापूं लागलें. नळ्या गुंडाळल्या गेल्या, ठोकळे निघाले. बाई चाकापाशीं बसल्या. गृहस्थ शेजारीं मांडीवर नकाशा पसरून बसले, जरी त्यांतलीं बारीक अक्षरें त्यांना दिसत नव्हतीं. रस्ता त्यांना पाठ होता. निघण्यापूर्वीं दोघांनीं कचेरींत जाऊन पुढील नोव्हेंबरासाठीं त्याच जागेची अनामत रक्कम भरली, आणि पावतीवर या खेपेस सही बाईंनीं केली.