केटामाइनची सलाईन आणि घराचं दार



मी कॉम्प्युटरवाला, डॉक्टर नाही. पण केटामाइनबद्दल तुम्ही विचारता म्हणून बोलतो. हे भुलीचं जुनं औषध. गोळ्यांनी न हटणाऱ्या डिप्रेशनमध्ये त्याची सलाईन काही तासांत आराम देऊ शकते. पण तो आराम बहुधा काही दिवसांत ओसरतो. बीपी वाढतं, व्यसनही लागू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच.

सलाईन संपल्यावर काय? आपल्या कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करते आणि त्यांना घरी पोहोचवते. २०१८ मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे मिळाला. उपचार झाले, तरी घराचं दार उघडावं लागतं. ते आपल्या हातात आहे.

दुआ करा, दवाही चालू ठेवा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे.