कीर्द, खतावणी आणि ए.पी.आय.

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्यापारी मेळाव्यातील व्याख्यान)



काळबादेवी आणि झवेरी बाजारातील जुन्या पेढ्यांवर दिवसभराचा व्यवहार कीर्दीत क्रमाने उतरत असे. तोच व्यवहार मुनीमजी ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत नेत आणि नेल्यावर कीर्दीतील नोंदीसमोर खतावणीचे पान टिपून ठेवत. पान टिपलेले नसेल तर नोंद राहिली आहे. टिपलेले असेल तर ती पुन्हा चढवायची नाही. ग्राहकाची उरलेली माहिती, म्हणजे त्याची आवड, घरचे कार्य, अडचण, ही शेठजींच्या स्मरणात असे. लालबागच्या मसाला बाजारात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घेण्यास कुटुंबे आजही येतात. कोणत्या घरी बेडगी अधिक लागते आणि कोणत्या घरी लवंगी, हे जाणणारा दुकानदार ग्राहकसंबंध व्यवस्थापनच करीत असतो; त्याला सी.आर.एम. हे नाव मात्र पुढे मिळाले.

आता ते स्मरण संगणकात गेले आहे, पण एका ठिकाणी नव्हे. हिशेब टॅलीत, मागणी संकेतस्थळावर, संभाषण व्हॉट्सॲपवर आणि ग्राहकांची यादी सी.आर.एम.मध्ये, असे चार मुनीम एकाच पेढीवर बसले आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

यातून काय घडते? समजा, दादरच्या हिंदमाता परिसरातील एका दुकानात एका भगिनीने लग्नाच्या बस्त्यातील 4,200 रुपयांची साडी परत केली. रक्कम तिच्या नावे जमा झाली आणि टॅलीत नोंदही अचूक झाली. सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. विक्रेत्यासमोरील सी.आर.एम.मध्ये ती जमा दिसत नाही, तिलाही आठवत नाही. ती पूर्ण पैसे देऊन निघून जाते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये न्यासापहार येतो. ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला, तर तेवढीच देऊन गप्प बसणे, असा त्याचा अर्थ टीकाकार सांगतात. येथे कोणी जाणूनबुजून काही केले नाही, म्हणून याला अतिचार म्हणावे की नाही, हे पंडितांनी ठरवावे. ग्राहकाचे पैसे दुकानात राहिले, एवढे मात्र खरे.

ए.पी.आय., म्हणजे ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस, ही एका प्रणालीने दुसरीसाठी उघडलेली खिडकी होय. ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. सी.आर.एम. विचारते : अमुक क्रमांकाच्या ग्राहकाची बाकी किती? टॅली एक्स.एम.एल. या नमुन्यात उत्तर देते आणि विक्रेत्याच्या पडद्यावर 4,200 रुपये जमा दिसतात. ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही. 5 कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बिलांसाठी 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. अनेक बिलिंग प्रणाली ते बिल ए.पी.आय.द्वारेच पोर्टलकडे पाठवून त्याचा नोंदणी क्रमांक घेतात. अनेकांच्या दुकानात ही खिडकी नकळत उघडलेलीच आहे.

अडचण यंत्रात कमी, नावांत अधिक. एकाच ग्राहकाचे नाव एका यादीत 'शहा', दुसरीत 'शाह'. मोबाइल क्रमांक कधी पतीचा, कधी मुलाचा. म्हणून प्रत्येक ग्राहकाला सर्व प्रणालींत एकच क्रमांक द्यावा लागतो. हे कंटाळवाणे काम टाळून जोडणी केली, तर एकाची बाकी दुसऱ्याच्या नावे दिसेल. दुसरी काळजी इंटरनेट मध्येच तुटण्याची. उत्तर आले नाही म्हणून प्रणाली तीच नोंद पुन्हा पाठवते आणि जमा दुप्पट होते. यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीसोबत स्वतंत्र क्रमांक पाठवतात; तो आधी आलेला असेल तर नोंद नाकारली जाते. मुनीमजींचे ते खतावणीचे पान ते हेच! शिवाय कोणाचा शब्द अंतिम, हेही आधी ठरवावे. रकमेबाबत हिशेबाची प्रणाली, पत्त्याबाबत सी.आर.एम. एखाद्या घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनाची वार्ता एका यादीत नोंदलेली असूनही क्षमावाणीच्या दिवशी दुसऱ्या यादीवरून त्यांच्याच नावे क्षमायाचनेचा संदेश गेला, तर त्या घराची क्षमा कोणत्या प्रणालीने मागायची?

मात्र खिडकी उघडली की सर्वच माहिती बाहेर जाऊ शकते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत साकारमंत्रभेदही आहे : दुसऱ्याचे गुपित ओळखून ते उघड करणे. माल पोहोचवणाऱ्या कंपनीस पत्ता हवा, उधारी नको. ए.पी.आय.ची किल्ली देताना तिला कोणती माहिती दिसेल, ती केवळ वाचता येईल की बदलताही येईल, हे ठरवता येते. ती गुप्त किल्ली व्हॉट्सॲप गटात टाकणे म्हणजे तिजोरीची चावी ओट्यावर ठेवणे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. ठरलेल्या हेतूपुरतीच माहिती घ्यावी, हे त्याचे तत्त्व परिग्रह-परिमाण जाणणाऱ्या समाजाला नवे वाटू नये.

लहान दुकानदाराने सर्व प्रणाली एकदम जोडण्याच्या भरीस पडू नये. प्रथम टॅलीतील जमा-बाकी विक्रेत्याला केवळ वाचता यावी, एवढेच करावे. महिनाभर रोज सायंकाळी दहा ग्राहकांची बाकी दोन्हीकडे ताडून पाहावी. ती जुळू लागली की मगच नोंद लिहिण्याची परवानगी द्यावी. तोपर्यंत ज्यांची जमा पडून असल्याचे आढळेल, त्यांना दूरध्वनी करून कळवावे.