टायटॅनियम डायऑक्साइड : दोष कामी येतात तेव्हा

टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी शुभ्र पूड आहे.
ती घराच्या रंगात असते, टूथपेस्टमध्येही असते.

श्रोतेहो, या पुडीवर अतिनील प्रकाश पडला, की ती रासायनिक क्रिया घडवून आणते.
याला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात.
1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी या पदार्थाच्या मदतीने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले.

हे घडते कसे?
प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन जागा सोडतो.
मागे धनभारित जागा उरते. तिला होल म्हणतात.
दोघे पृष्ठभागावर पोहोचले,
तर पाणी आणि ऑक्सिजन यांपासून क्रियाशील कण तयार होतात.
हे कण सेंद्रिय घाण मोडून काढतात.
पण वाटेतच दोघांची गाठ पडली, तर ऊर्जा वाया जाते.

इथे पृष्ठभागावरचे दोष कामी येतात.
स्फटिकाच्या पृष्ठभागावर अधूनमधून ऑक्सिजनचा अणू गळालेला असतो.
त्या मोकळ्या जागी पाण्याचा रेणू येऊन फुटतो.
हवेतला ऑक्सिजनही तिथे चिकटतो, आणि इलेक्ट्रॉन उचलतो.
त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे राहतात.

असे दोष मुद्दाम घडवता येतात.
त्यासाठी पूड निर्वातात किंवा हायड्रोजनमध्ये तापवतात.
मग तिचा रंग बदलतो, आणि ती थोडा दृश्य प्रकाशही शोषू लागते.

मात्र दोष स्फटिकाच्या आत खोलवर असले, तर उलटे घडते.
इलेक्ट्रॉन आणि होल तिथेच एकत्र येतात.
क्रिया मंदावते.

म्हणजेच, श्रोतेहो,
दोष पृष्ठभागावर हवेत,
आणि तेही बेताचेच हवेत.